सी काविळीच्या गोळ्या किती दिवस?

"गोळ्या किती दिवस? जन्मभर तर नाही ना?" हिपॅटायटीस सी, म्हणजे सी कावीळ निघाली की घरात पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर धीर देणारे आहे. बहुतेकांना १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस.

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने २४ ते ४८ आठवडे घ्यावी लागत. अंगात ताप, अशक्तपणा आणि एवढे करूनही बरे होण्याची खात्री नसे. तेव्हा मुदत विषाणूच्या प्रकारावर ठरे. आजच्या गोळ्या सर्व प्रकारांवर चालतात, म्हणून आता मुख्य प्रश्न उरतो तो लिव्हर किती खराब झाले आहे याचा.

लिव्हर फारसे बिघडलेले नसेल, तर सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर १२ आठवडे देतात. सिरोसिस होऊन लिव्हर कडक झाले, पण काम करते आहे, तर सोफोसबुवीर आणि वेल्पाटासवीर, तेही १२ आठवडे. पोटात पाणी झाले असेल तर सोबत रिबाव्हिरीन लागते; ते सोसत नसेल तर मुदत २४ आठवड्यांवर जाते. आधीचा कोर्स फसला असेल तरी मुदत वाढू शकते. म्हणून तपासणी जितकी लवकर, तितका उपचार सोपा.

टीबी, फिट, हृदयविकार किंवा एचआयव्हीची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. काही औषधे या गोळ्यांचा असर कमी करतात, काहींमुळे धोका होतो. गरोदरपणाची शक्यता असेल तर तेही सांगा.

महिनाभरात बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी रक्तातील विषाणूची तपासणी होते. विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला. शंभरातले नव्वदहून अधिक बरे होतात. मात्र अँटीबॉडीची साधी तपासणी पुढेही पॉझिटिव्ह येते. त्याने घाबरू नका.

बरे झाल्यावरही हा आजार पुन्हा लागू शकतो. दाढीचे ब्लेड, सुई, गोंदणाची सुई दुसऱ्याची वापरू नका. एकत्र जेवल्याने मात्र तो पसरत नाही. रुग्णाचे ताट वेगळे करू नका.

राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी व औषधे मोफत आहेत. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा.