कृतज्ञता : पाहण्याची एक कला

महामंगलसुत्त आपल्या घरोघरी मंगलप्रसंगी म्हटले जाते. त्यात सांगितलेल्या अडतीस मंगलांमध्ये कृतज्ञता हेही एक मंगल आहे. पाली भाषेत तिला ‘कतञ्ञुता’ म्हणतात. ‘कत’ म्हणजे केलेले, आणि ते जाणणारा तो ‘कतञ्ञू’. या अर्थात कोठेही वाकणे नाही, पाया पडणे नाही. दुसऱ्याने जे केले ते जाणणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. पाहिल्याशिवाय जाणता येत नाही. म्हणून कृतज्ञता ही आधी डोळ्यांची सवय आहे आणि मग मनाची भावना आहे, असे मला वाटते.

हा विषय निघाला की आपल्यातील काही वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. त्याला कारणही तसेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामे आपल्या माणसांकडून करून घेतली गेली, बदल्यात शिळी भाकर टाकली गेली आणि वर उपकाराची भाषा ऐकवली गेली. ती भाषा नाकारूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्माची वाट धरली. तेव्हा आजचा विद्यार्थी विचारू शकतो, “कृतज्ञ राहायचे म्हणजे पुन्हा मान खाली घालायची काय?”

नाही. लाचारीत नजर खाली असते, कृतज्ञतेत ती उघडी असते. रात्रंदिवस राबणाऱ्या येसकराला मिळालेली भाकर हा उपकार नव्हता. ती मजुरी होती आणि तीही अपुरी होती. नीट पाहणाऱ्याला हे कळते. बँकेत आम्ही दिवसअखेर जमा आणि नावे जुळवतो. त्यात एक रुपया जास्त चालत नाही आणि कमीही चालत नाही. कृतज्ञतेलाही असाच काटेकोरपणा हवा. तो असला की लादलेले खोटे ऋण गळून पडते आणि खरे ऋण स्पष्ट दिसू लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे खरे ऋण कसे ओळखले ते त्यांच्या अर्पणपत्रिकांतून दिसते. शूद्र पूर्वी कोण होते, या प्रश्नावरील १९४६ चा ग्रंथ त्यांनी महात्मा जोतीराव फुले यांना अर्पण केला. अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस वाहिला. चोखोबांचे जन्मस्थान म्हणून परंपरा जे मेहुणा राजा सांगते, ते आपल्याच जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यातले गाव. ज्यांचे काम इतरांनी नजरेआड केले होते, ते बाबासाहेबांनी पाहिले आणि जगापुढे छापून ठेवले. धम्मात ‘कतञ्ञू’ या शब्दाच्या जोडीला ‘कतवेदी’ हा शब्द येतो. केलेले जाणणारा आणि ते प्रकट करणारा, अशी ही जोडी आहे.

खुद्द तथागतांच्या चरित्रातही असा प्रसंग आहे. संबोधी प्राप्त झाल्यावर दुसरा आठवडा त्यांनी बोधिवृक्षाकडे पापणी न लववता पाहत घालवला, असे परंपरा सांगते. बोधगयेला त्या जागी आज अनिमिषलोचन चैत्य आहे. झाडाने काय केले होते? सावली दिली होती, टेकायला खोड दिले होते. तेवढेच त्यांनी पाहिले, पण पूर्ण पाहिले. येथे पाहणे आणि कृतज्ञता या दोन वेगळ्या गोष्टी उरतच नाहीत.

असे टक लावून पाहण्याचे काम चित्रकार रोज करीत असतो. त्याचा सर्वांत मोठा धडा आपल्या जवळच आहे. ज्या डोंगररांगेवर आपले बुलढाणा शहर वसले आहे, तिच्यातच पश्चिमेला वाघूर नदीच्या काठी अजिंठ्याची लेणी आहेत. सतराव्या लेण्यात महाकपी जातकाचे चित्र आहे. रानात वाट चुकून खोल दरीत पडलेल्या माणसाला एक वानर पाठीवर घेऊन वर काढतो. त्याआधी तो माणसाएवढा दगड उचलून स्वतःच्या शक्तीची परीक्षा घेतो. मग थकून झोपतो. तोच माणूस भुकेपोटी वानराच्या डोक्यात दगड घालतो. रक्तबंबाळ वानर तरीही त्याला रानाबाहेरची वाट दाखवतो. त्या माणसाच्या समोर सर्व काही घडले होते, पण त्याला वानरात मांसच दिसले. कृतघ्नता म्हणतात ती हीच. डोळे शाबूत असून न पाहणे.

आता ज्यांनी ही भिंत रंगवली त्यांच्याकडे पाहू. त्यांनी खडबडीत कातळावर माती, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे साधे रंग घेतले. निळा तेवढा अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दाचा. राजांच्या आणि भिक्खूंच्या बरोबरीने त्यांनी नोकरचाकर, हत्ती, हंस, फळे, फुलेही तितक्याच आस्थेने काढली. लेणी कोरवून घेणाऱ्या वराहदेवासारख्या अमात्यांची नावे शिलालेखांत आहेत. चित्रकारांची नावे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. उलट १८१९ मध्ये तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव कोरून ठेवले! आजही सहलीला जाऊन दगडावर नाव कोरणारे आपल्याला भेटतात.

पण खरे पाहणारेही तेथे आले. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून जवळजवळ वीस वर्षे या चित्रांच्या नकला केल्या. त्यातील बहुतेक १८६६ मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांसह ते काम पुन्हा केले. एका बोटाचे वळण उतरवण्यासाठी ते बोट किती तरी वेळ निरखावे लागते. नक्कल करणाऱ्याला मूळ हाताची मेहनत कळते ती यामुळेच.

हे आपल्याला कसे साधेल? त्यासाठी चित्रकलेची परीक्षा द्यावी लागत नाही. विद्यार्थी मित्रांनो, एक वही आणि पेन्सिल घ्या. रोज दहा मिनिटे घरातील एकच वस्तू पाहून काढा. तवा, विळा, पाण्याचा माठ, काहीही चालेल. चित्र वाकडे आले तरी फाडू नका. काढताना स्वतःला विचारा, हे कोणी केले, कसे केले आणि कोणी वापरून झिजवले?

मग एक दिवस आईचा हात काढा. बसायला ती तयार होणार नाही, म्हणून भाकरी थापताना काढा. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटांवर उठलेले ओरखडे दिसतील, सोयाबीनच्या सोंगणीत विळा धरून पडलेले घट्टे दिसतील. तुमच्या परीक्षेची फी कोठून आली, हे त्या हातावर लिहिलेले आहे. ज्या आईला अक्षर येत नाही तिचा हात वाचायला शिकलेल्या मुलाने शिकावे, ही काही फार मोठी अपेक्षा नाही.

यानंतर ‘कतवेदी’ होण्याची पाळी येते. जे पाहिले ते बोलून दाखवा. वडिलांना सांगा, गुरुजींना पत्र लिहा, विहाराची पहिली वीट ज्यांनी वाहिली त्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांची नावे आणि आठवणी वहीत उतरवून ठेवा. ही माणसे एकेक करून जात आहेत. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आता शोधून मिळणार नाहीत. आपल्या गावातील माणसांची नावे मात्र अजून मिळतील, आणि ते काम याच पिढीला करावे लागेल.