ओळख साउंडची, लेखांक ६ : ॲम्पची घरघर आणि तिसरी पिन

माइकच्या केबलमध्ये सिग्नलच्या दोन तारा आणि त्यांच्याभोवती जाळी का असते, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज जाळीमुळेच होणारा एक त्रास पाहू. गिटारचा ॲम्प एकटा चालतो तेव्हा शांत असतो. त्याच्या लाइन आउटमधून साधी केबल हॉलच्या मिक्सरला जोडली, की मोठ्या स्पीकरांतून घरघर सुरू होते.

आधी ती येते कुठून ते शोधावं. गिटारवाला जागच्या जागी वळला आणि आवाज कमीजास्त झाला, तर दोष पिकअपचा. एकेरी कॉइलचं पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतं. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५०च्या दशकात दोन कॉइलांचं हमबकर काढलं ते याचसाठी. दिव्यांचा डिमर फिरवल्यावर आवाज बदलत असेल, तर केबल दिव्यांच्या वायरींपासून लांब न्यावी. पण मिक्सरचा चॅनल म्यूट करून केबल ॲम्पमधून काढली, पुन्हा चॅनल उघडला आणि घरघर गेलेली असली, तर तो ग्राउंड लूप समजावा.

ॲम्प स्टेजवरच्या सॉकेटमध्ये असतो, मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला. दोघांचेही पत्रे आपापल्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेले. आता मधल्या केबलची जाळीही ते दोन पत्रे जोडते आणि वर्तुळ पूर्ण होतं. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा किंचित फरक असतोच. तेवढ्यानं जाळीतून प्रवाह वाहू लागतो. साध्या केबलमध्ये सिग्नलचा परतीचा रस्ताही हीच जाळी असल्यामुळे मिक्सरला गिटार वेगळी काढता येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणून तळाशी ५०ची गुणगुण ऐकू येते आणि तिच्या १००, १५० अशा पटींमुळे आवाजाला खरखर चढते.

यावर अनेक स्टेजवर एक उपाय सर्रास होतो : ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायची किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावायचा. घरघर खरोखर थांबते, आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण ॲम्पच्या आत फेजची तार पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्ट केबलच्या जाळीतून थेट गिटारच्या तारांवर येतात. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर आणि ओठ माइकला. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी हातात गिटार असताना अर्थिंग नीट नसलेल्या माइकला स्पर्श होऊन स्टेजवरच गेला. वय २७. चारच वर्षांनी ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. कार्यक्रम स्वच्छ ऐकू यावा म्हणून हा धोका पत्करणं मला कधीही मान्य होणार नाही.

तोडायचा असतो तो सिग्नलचा दुवा. आधी ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून चालवून पाहा. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं. नाही भागलं, तर ॲम्पचा लाइन आउट आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा. त्यात सिग्नल एका कॉइलमधून दुसऱ्या कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्रातून जातो, तांब्याची जोडणी लागत नाही. बॉक्सवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबलं, की केबलच्या जाळीचा संबंध सुटतो. प्लगचं अर्थिंग जिथल्या तिथे राहतं. पुढे मिक्सरपर्यंत माइकचीच बॅलन्स्ड केबल न्या. मात्र ॲम्पचा स्पीकर आउट मिक्सरला कधीही जोडू नका. तिथे कित्येक व्होल्ट असतात, मिक्सरचा इनपुट जळू शकतो.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि साउंडवाल्यांना एकच विनंती : सामानाच्या पेटीत अर्थिंगची पिन तोडलेला एखादा प्लग सापडला, तर पुढच्या कार्यक्रमाआधी तो कापून तीन पिनांचा नवा बसवा.