घरच्या टिग वेल्डिंगसाठी गॅस आणि यंत्र

टिग वेल्डिंगमध्ये आर्क टंगस्टनच्या इलेक्ट्रोडपासून निघते आणि भरणीची तार वेल्डर दुसऱ्या हाताने वेगळी घालतो. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे इलेक्ट्रोड स्वतः सांध्यात जात नाही. मात्र तापलेले टंगस्टन आणि वितळलेला धातू या दोघांनाही हवा चालत नाही. साध्या वेल्डिंगच्या रॉडवर फ्लक्सचा थर असतो आणि तो जळताना सांध्याचे रक्षण करतो. टिगमध्ये ही जबाबदारी पूर्णपणे गॅसवर असते. म्हणून घरी टिग बसवू पाहणाऱ्याने यंत्राआधी गॅसचा विचार करावा.

ही पद्धत १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप या विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी विकसित केली. तेव्हा हेलियम वापरला जात असे. पुढे त्याची जागा आर्गॉनने घेतली, ती आजतागायत कायम आहे. हवेत आर्गॉन सुमारे ०.९३ टक्के असतो आणि हवेचे द्रवीकरण करून ऑक्सिजन काढताना तोही हाती येतो, त्यामुळे तो हेलियमपेक्षा स्वस्त पडतो. तो हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने सांध्यावर बसून राहतो आणि त्यात आर्क सहज पेटते. फॅब्रिकेशनच्या दुकानांत टिगला सर्रास ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात, ते उगाच नव्हे.

घरच्या कामाला, मग ते लोखंड असो, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम की तांबे, शुद्ध आर्गॉन पुरतो. शुद्धता किमान ९९.९९ टक्के असावी, ९९.९९५ किंवा त्याहून अधिक असल्यास उत्तम. मिग वेल्डिंगसाठी मिळणारे आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण टिगला अजिबात चालत नाही: टंगस्टनचे टोक काही क्षणांत जळून काळे पडते. हेलियम मिसळलेला गॅस जाड ॲल्युमिनियमला जास्त उष्णता देतो आणि थोडा हायड्रोजन मिसळलेला गॅस ३०४ सारख्या स्टेनलेसला उपयोगी पडतो. पण हायड्रोजनमुळे ॲल्युमिनियममध्ये छिद्रे पडतात आणि कडक पोलादात तडे जातात. घरात ही मिश्रणे ठेवण्याचे कारण नाही.

सिलिंडर किती मोठे घ्यावे, हे साध्या हिशेबाने ठरते. ७ घनमीटरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये ७,००० लिटर गॅस असतो. मिनिटाला ८ लिटर धरले तर साडेचौदा तासांची आर्क मिळते. दीड घनमीटरचे छोटे सिलिंडर तीन तासांत संपते आणि ते भरून आणण्याचा दर लिटरमागे बहुधा जास्तच पडतो. जागा असेल तर मोठेच घ्यावे. ते साखळीने भिंतीला बांधावे आणि हलवताना व्हॉल्व्हवर टोपी असावी. घेताना सिलिंडरवर ठोकलेली चाचणीची तारीख पाहावी. मुदत उलटलेले सिलिंडर घेऊ नये. भारतात सिलिंडरविषयीच्या नियमांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही संस्था करते.

रेग्युलेटरवर लिटर प्रतिमिनिट दाखवणारी काचेची नळी असलेला फ्लोमीटर हवा. केवळ दाब दाखवणाऱ्या घड्याळावरून प्रवाहाचा अंदाज येत नाही. बहुतेक कामांना ६ ते १० लिटर पुरतात. वेल्ड बिघडले की गॅस वाढवण्याकडे हात जातो, पण प्रवाह फार वाढला तर त्यात भोवरे पडतात आणि तेच बाहेरची हवा आत ओढतात. टॉर्चच्या कपावरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो, म्हणजे ८ नंबरचा कप १२.७ मिलिमीटरचा. कपाच्या आत गॅस लेन्स बसवली की प्रवाह सरळ धारेत पडतो आणि टंगस्टन जास्त बाहेर काढता येते. थोड्या पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही. उकाड्यात लावलेला पंखा मात्र सगळे आवरण उडवून लावतो. तो वेल्डरकडे वळवू नये.

गॅस नीट लागतो की नाही, ते टंगस्टनच सांगते. आर्क थांबल्यावर टोक चकचकीत चंदेरी राहिले तर ठीक. निळे-काळे पडले तर आर्कनंतर गॅस सुरू राहण्याचा वेळ कमी आहे, किंवा कुठेतरी गळती आहे. या वेळेसाठी दर १० अँपिअरला एक सेकंद, हे प्रमाण धरावे. स्टेनलेसच्या शिवणीवर सोनेरी छटा चांगली. राखाडी, खरबरीत पृष्ठ म्हणजे आवरण अपुरे पडले. नळीचे जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत.

यंत्राचा प्रश्न एका गोष्टीवर सुटतो: ॲल्युमिनियम जोडायचे आहे का? ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा सुमारे २०५० अंशांना. तो तोडायला एसी लागतो, आणि एसी-डीसी यंत्र बरेच महाग. केवळ लोखंड आणि स्टेनलेससाठी डीसीच पुरते. लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ४० अँपिअर धरावेत. ३ मिलिमीटर पत्र्याला १२०. एवढे काम १६ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम चालते. पूर्ण २०० अँपिअर काढायचे तर ३२ अँपिअरची वेगळी लाइन आणि चांगले अर्थिंग हवे, आणि मंजूर भारही तपासावा. हाय फ्रिक्वेन्सीने पेटणारे यंत्र घासून पेटवण्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी सोयीचे. पायाने दाबायच्या पेडलवर पैसे खर्चावेत: पातळ पत्रा भोक न पडता जोडायचा तर विद्युतप्रवाह क्षणोक्षणी कमी-जास्त करावा लागतो.

टॉर्च १७ नंबरचा, हवेने थंड होणारा, दीडशे अँपिअरपर्यंत पुरतो. टंगस्टन निळ्या टोकाचे, २ टक्के लँथेनमचे घ्यावे. एसी आणि डीसी दोन्हींना चालते. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असते आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाते, म्हणून ते टाळावे. आपोआप काळे होणारे हेल्मेट घेताना कमी अँपिअरची आर्क त्याला दिसते का, ते आधी पाहावे.

धातू पुसायला ॲसिटोन वापरावे आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच आर्क पेटवावी. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरचे अंश आर्कजवळ फॉस्जीन हा विषारी वायू तयार करतात. आर्गॉनला वास नसतो आणि तो खाली साचतो, म्हणून तळघरात किंवा बंद खोलीत काम करू नये. काम संपल्यावर सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळीतला दाब सोडून द्यावा.