घरसफाईचा व्यवसाय: सुरुवात सोपी, पण दर ठरवताना पैसे जातात कुठे?

गणपती गेले की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, 'घर साफ करून देणारं कुणी आहे का?' नवरा-बायको दोघंही नोकरीला, रोजच्या मावशींना चार घरं उरकायची घाई. म्हणून या कामाला मागणी आहे. दुकान लागत नाही, डिग्री लागत नाही. मग घोडं अडतं कुठे? बहुतेक वेळा दर सांगताना.

समजा, टू-बीएचकेची पूर्ण सफाई २,५०० रुपयांना घेतली. दोन माणसं, सहा तास. प्रत्येकी ७०० रुपये मजुरी, २०० रुपयांचं साहित्य, सामानासकट जाण्या-येण्याचे ३०० रुपये. हातात उरले ६००. काम नऊ तासांवर गेलं आणि मजुरी तासाप्रमाणे वाढली, तर हेच ६०० खिशातून १०० रुपये घालण्यावर येतात.

काम लांबतं, कारण टू-बीएचके आणि टू-बीएचके सारखं नसतं. एका घरात रोज ओटा पुसला जातो, दुसऱ्या घरात एक्झॉस्ट फॅनवर तीन वर्षांचं तेल बसलेलं असतं. बोअरवेलचं पाणी असेल तर बाथरूमच्या टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर असतो आणि एकेक टाइल घासण्यात दुपार जाते. त्यामुळे फोनवर खोल्या मोजून दर सांगू नये. किचन आणि बाथरूमचे फोटो मागवावेत, जमलं तर घर बघून यावं. पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, फ्रिज आतून, चिमणी यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे मेसेजवर लिहून द्यावं. माळ्याचं तर आवर्जून लिहावं. भांडणं माळ्यावरूनच होतात.

एक चुकीची बाटली

टॉयलेट साफ करायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते संगमरवर, कोटा किंवा शहाबादी फरशीवर पडलं, तर चकाकी तिथल्या तिथे जाते, कारण हे दगड चुन्याचे असतात. डाग नंतर पुसून निघत नाही, पॉलिश करावं लागतं. त्याचा खर्च कामाच्या पैशांपेक्षा जास्त होऊ शकतो.

त्याहून गंभीर म्हणजे हेच ॲसिड ब्लीचमध्ये मिसळणं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी. उंच मजल्यावर खिडकीबाहेर उभं राहून काच पुसायला ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी नाही म्हणावं.

कागदपत्रं

याची जेवढी धास्ती असते तेवढं ते अवघड नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. व्हॅक्यूम क्लीनर, शिडी यांसाठी मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्जासाठी अर्ज करता येतो. पण पहिली दहा-बारा कामं झाडू, वायपर, मायक्रोफायबरची फडकी आणि भाड्याच्या मशिनवर निघू शकतात.

दिवाळीनंतर काय?

दिवाळीत काम मागावं लागत नाही, प्रश्न पुढच्या महिन्यांचा असतो. तिथे उपयोगी पडतात ते भाड्याच्या फ्लॅटचे एजंट. भाडेकरू गेला की रिकामं घर नव्या माणसाला दाखवण्याआधी साफ लागतंच. रिकाम्या घरात सामान हलवायचं नसतं, म्हणून कामही लवकर उरकतं. गृहप्रवेशाआधी रंगाचे आणि सिमेंटचे डाग काढण्याचं काम असतं. काही घरांत महिन्यातून एकदा फक्त किचन-बाथरूम करून हवं असतं. दर महिन्याला येणारी अशी आठ-दहा घरं मिळाली की मदतनीसही टिकतो, कारण त्याला पुढच्या आठवड्यात काम आहे हे माहीत असतं.

ही घरं मात्र ओळखीवरच मिळतात. म्हणून कामाला येणाऱ्यांचे ओळखपत्र आधीच पाठवावं, मौल्यवान वस्तू कुलपात ठेवायला ग्राहकाला सांगावं आणि काम सुरू करण्यापूर्वी आधीच फुटलेल्या टाइलचा, ओरखडा पडलेल्या टीव्हीचा फोटो काढून त्यालाच पाठवून ठेवावा.