द्राक्षांची निर्यात व औषधांशाची मर्यादा

जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९६ पासून पाणलोट विकासाची कामे झाली. वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरू लागले आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. अशा गावच्या बागाईतदारास आपला माल परदेशी जावा असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तेथे घडाच्या गोडीबरोबर त्यात उरलेला औषधांशही मोजला जातो, हे त्याने आधीच जाणले पाहिजे.

जागतिक व्यापार संघटनेचा यासंबंधीचा करार १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. माणसे, जनावरे व पिके यांच्या रक्षणार्थ आयात मालावर निर्बंध घालण्याची त्यात मुभा आहे; मात्र त्या निर्बंधांस शास्त्रीय पुरावा असावा लागतो.

२०१० साली महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात नाकारली गेली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदारांच्या परिचयाचे सी.सी.सी. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरावी व घड चांगले यावेत म्हणून ते वापरीत. युरोपची मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. वीस टन द्राक्षांत मिळून अवघा एक ग्रॅम! फवारणीस कित्येक महिने लोटले, तरी अंश वेलीत टिकून होता. आपल्या तपासणीच्या यादीत हे द्रव्यच नसल्याने येथे निर्दोष ठरलेला माल तेथे सदोष ठरला.

एवढ्या अल्प मर्यादेपलीकडे लगेच विषबाधा होते, असे मात्र नव्हे. ज्या पिकावर एखाद्या औषधाचा वापर मान्य नसतो, तेथे उपकरणाने खात्रीपूर्वक मोजता येईल तितकीच मर्यादा बहुधा ठेवली जाते. तीविषयी पुराव्यानिशी वाद घालता येतो. परंतु बंदरात अडकलेली द्राक्षे त्या वादाचा निकाल लागेपर्यंत टिकत नाहीत.

सबब निर्यातीच्या बागेची नोंदणी कृषि विभागाकडे वेळेवर करावी. फवारणीची नोंदवही तोडणीच्या तोंडावर न उघडता खरड छाटणीपासूनच लिहावी. औषधाचे नाव, प्रमाण व तारीख तीत असावी. मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीशी प्रत्येक औषध ताडून पाहावे. घटकद्रव्यांचा उल्लेख नसलेली ‘वाढवर्धक’ बाटली, ती कितीही स्वस्त मिळो, बागेत आणू नये. कृषि सहायकांनी गावभेटीच्या वेळी ही वही मागून पाहावी.