वाघनखं परत आली की पाहुणी आली?

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं (शिवाजी महाराजांनी अफझलखानाला ज्यांनी मारलं असं मानतात ती) साताऱ्यात आली, तेव्हा अनेकांना वाटलं, ठेवा परत मिळाला. प्रत्यक्षात ती तीन वर्षांच्या बोलीवर उसनी आली आहेत. १९८३च्या ब्रिटिश कायद्यामुळे, मोजके अपवाद सोडले तर, त्या म्युझियमला संग्रहातली वस्तू कायमची देता येत नाही.

पण कायदा म्हणजे न्याय नव्हे. वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर सांगतो की साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली. म्हणजे लूट नाही, भेट. मात्र मराठेशाही नुकतीच बुडालेली असताना विजेत्याच्या हाती ठेवलेली भेट कितपत राजीखुशीची? शिवाय तोच मजकूर महाराजांनी मारलेल्या सरदाराला मोगल ठरवतो. अफझलखान तर आदिलशाहीचा! ही वाघनखं महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही, हे म्युझियमही मान्य करतं.

माझ्या मते वस्तू कोणाकडून, कोणत्या परिस्थितीत गेली हे म्युझियमने आधी उघडपणे मांडावं. मालकीचा निवाडा त्यानंतर. आणि संग्रहालयात गेलात तर काचेआडच्या वस्तूबरोबर शेजारची पाटीही वाचा.