समुद्री शर्यतीचा गॉगल: काचेचा रंग ठरवायचा कशावरून?

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते. वर्षभर तलावात सराव केलेली कितीतरी मुलं तिथे पहिल्यांदा समुद्रात उतरतात आणि निघण्याआधी कुणीतरी त्यांना सांगतंच, "समुद्रात ऊन फार, एकदम काळी काच घे." मग दुकानातला सगळ्यांत गडद, वरून चकाकणारा गॉगल घेतला जातो. सल्ला मनापासून दिलेला असतो. पण शर्यतीचा मार्ग कोणत्या दिशेने जातो, ती किती वाजता सुटते आणि पोहणारा कोणत्या बाजूला श्वास घेतो, याची चौकशी त्यात नसते. काच ठरते ती या तीन गोष्टींवर.

आधी सगळ्यांत घातक गैरसमज बाजूला करू: काच जितकी गडद, तितकं डोळ्यांचं रक्षण जास्त. अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत आणि काचेचा दिसणारा रंग त्यांना अडवतोच असं नाही. अडवतं ते काचेचं मूळ द्रव्य, किंवा त्यात मिसळलेलं शोषक रसायन. चांगल्या गॉगलच्या काचा बहुधा पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि पॉलिकार्बोनेट पाण्यासारखं पारदर्शक असलं तरी बहुतेक अतिनील किरण शोषून घेतं. म्हणजे साधी क्लिअर काचसुद्धा डोळे सांभाळू शकते. उलट भलत्याच प्लास्टिकच्या काळ्या काचेमागे अंधारामुळे डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण जास्तच आत शिरतात. शंका असेल तर गॉगल चष्म्याच्या दुकानात न्यावा. अतिनील किरण तपासायचं छोटं यंत्र बऱ्याच दुकानांत असतं, त्यावर काच धरली की लगेच कळतं.

आभाळ आलंय म्हणून हा प्रश्न सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विरळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात, समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के किरण परत फेकतो आणि अर्धा मीटर खोल पाण्यातही पृष्ठभागाच्या सुमारे 40 टक्के किरण पोचतात. वर्षानुवर्षं पाण्यावर, उन्हात राहणाऱ्यांच्या डोळ्यात बुबुळाच्या दिशेने मांस वाढतं, त्या टेरिजियमचा या किरणांशी संबंध आहे. तेव्हा यूव्ही संरक्षण ही अट प्रत्येक गॉगलला, मग रंग कुठलाही असो. एवढं नक्की केलं की गडदपणाचा विचार फक्त दिसण्यापुरता उरतो.

आता दिशेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. "सकाळची शर्यत म्हणजे सूर्य डोळ्यांवर" असं सरसकट धरलं जातं. पण कोकणाचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. चिवल्याला सकाळी समुद्रात आत जाताना सूर्य पाठीशी, जमिनीच्या बाजूला असतो आणि पुढचा बोया स्वच्छ दिसतो. वळसा घालून किनाऱ्याकडे परतताना मात्र तोच सूर्य समोर येतो. माडांची रांग काळी होते, तिच्यापुढची शेवटची कमान त्या झळाळीत हरवते आणि दमलेला माणूस तिरका पोहत भलतीकडेच किनाऱ्याला लागतो. गोव्यात मिरामारला पोहणाऱ्यालाही हाच हिशेब लागू. डिसेंबरात मालवणला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून 50 अंशांच्या आसपासच चढतो आणि दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे उशिरा सुटणाऱ्या गटांनाही दक्षिणेकडे तोंड करून जाणारा टप्पा त्रास देतो.

मुंबईत चित्र वेगळं. घारापुरी ते गेटवे हा मार्ग साधारण पश्चिमेकडे जातो, त्यामुळे सकाळी सूर्य मागे राहतो. संक रॉक ते गेटवे मात्र उत्तरेकडे पोहायचं असतं. सूर्य समोर नाही, म्हणून पोहणारा निर्धास्त असतो. पण उत्तरेकडे निघालेल्याची उजवी बाजू म्हणजे पूर्व. उजवीकडे श्वास घेणारा प्रत्येक श्वासाला उगवत्या सूर्यात डोळा उघडतो.

ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती क्वचितच कुणी सांगतं. समोर मान उचलून दिशा पाहणं, ज्याला साइटिंग म्हणतात, ते काही हातांनंतर एकदा होतं. श्वास दर दोन-तीन हातांना घ्यावाच लागतो. डोकं वळतं, एक काच पाण्याबाहेर येते, दुसरी बहुधा पाण्यातच असते आणि त्या अर्ध्या क्षणात उघडा डोळा थेट उन्हाला भिडतो. लगेच चेहरा पुन्हा गढूळ, हिरवट अंधारात. तासभर हे चाललं की डोळे शिणतात आणि मान उचलली तरी बोया पटकन सापडत नाही. अशा मार्गावर गडद काच खरोखर उपयोगी आहे, जरी सूर्य एकदाही समोर येणार नसला तरी. डावीकडे श्वास घेणाऱ्या त्याच्या मित्राला तिथे मध्यम काच पुरेल. दोन्ही बाजूंना श्वास घेता येणाऱ्याकडे तर गॉगल न बदलता सुटका करून घेण्याची सोय आहे.

गडद म्हणजे किती, हे दुकानात डोळ्यांनी ठरवू नये. उन्हाच्या चष्म्यांच्या काचा 0 ते 4 अशा श्रेणींत मोडतात. श्रेणी 0 मधून 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश आत येतो, श्रेणी 3 मधून 8 ते 18 टक्के. काही उत्पादक जलतरणाच्या गॉगलवरही ही श्रेणी छापतात. उजाडताना सुटणाऱ्या शर्यतीत श्रेणी 3 ची काच लावून उतरणं मला धोक्याचं वाटतं: शेजारच्याचा हात, सेफ्टी बोट, बोया, सगळंच अंधूक होतं.

पोलराइज्ड काचेची गोष्ट अर्धी खरी आहे. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवित होतो आणि अशी काच तो अडवते. होडीत उभ्या असलेल्या तांडेलाला ती फार कामाची, कारण तो वरून पाण्याकडे पाहतो. पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांच्या कोनातून पाहिलं की हा परिणाम सर्वाधिक असतो. पोहणाऱ्याचा डोळा मात्र पाण्यापासून जेमतेम वीतभर वर येतो. दूरच्या बोयाकडे त्याची नजर पाण्याला जवळजवळ चाटून जाते आणि इतक्या सपाट कोनात परावर्तित प्रकाश फारसा ध्रुवित नसतो. लाटांचे उतार वेगवेगळ्या कोनांत कललेले असतात म्हणून काही फायदा मिळतो, होडीतल्याइतका नाही. श्वास घेताना तर डोकं आडवं होतं, त्याबरोबर काचही आडवी होते आणि जी झळाळी अडवायची तीच आत येऊ लागते. थेट सूर्य ध्रुवित नसतो, तिथे ही काच साध्या गडद काचेसारखीच वागते. पैसे जास्त असतील तर जरूर घ्यावी, पण तिच्यासाठी आधीचा चांगला बसणारा गॉगल टाकून देऊ नये.

"समुद्र निळा, म्हणून निळी काच" हा विचार मात्र सरळसरळ उलटा आहे. शर्यतीत आपल्याला शोधायचा असतो बोया. तो बहुधा नारिंगी किंवा पिवळा असतो. निळी काच नारिंगी प्रकाश अडवते, त्यामुळे बोया मळकट होऊन पाण्याच्या रंगात मिसळतो. नारिंगी किंवा अंबर काच पाण्याचा आणि आभाळाचा निळेपणा दाबते आणि बोया उठून दिसतो. ढगाळ सकाळी किंवा धुरकट बंदरात तिच्याइतकी दुसरी काच नाही, असं माझं मत. मात्र पिवळ्या काचेतून जग उजळ वाटतं म्हणून ती प्रकाश वाढवते, असं समजू नये. प्रकाश वाढवणारी काच नसतेच. फक्त फरक ठळक होतो. आयोजकांनी बोया हिरवे किंवा गुलाबी ठेवले असतील तर हिशेब बदलेल, तेव्हा आदल्या दिवशीच्या सूचना ऐकताना रंग विचारून घ्यावा. किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही काचांमधून एकदा त्या बोयाकडे पाहिलं की वाद मिटतो.

मिरर म्हणजे काचेवरचा परावर्तक थर. तो आत येणारा प्रकाश आणखी कमी करतो, पण बाहेरून सोनेरी दिसला तरी आतून जग कोणत्या रंगाचं दिसेल ते मूळ काचेवर ठरतं. खरेदी करताना गॉगल डोळ्यांना लावूनच पाहावा. फोटोक्रोमिक काच उन्हात आपोआप गडद होते, पण उष्ण हवेत थंड हवेइतकी होत नाही आणि पुन्हा फिकी व्हायला वेळ घेते. आपल्याकडच्या कोमट समुद्रात तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. आणि काच धुरकट होण्याचा रंगाशी संबंध नाही. आतल्या अँटीफॉग थरावर बोट फिरवलं नाही आणि गॉगल गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवला, तर कुठलीही काच जास्त टिकते.

धरमतर ते गेटवे या सुमारे 36 किलोमीटरच्या मार्गावर भरती-ओहोटीची गणितं सांभाळत अनेकजण मध्यरात्रीनंतर पाण्यात उतरतात. तिथे सुरुवातीला क्लिअरशिवाय पर्याय नाही. दुसरा, गडद गॉगल सोबतच्या होडीत ठेवायचा: पट्टा आधीच डोक्याच्या मापाचा केलेला, डबीत, सहज हाताशी येईल असा. उजाडल्यावर खाण्यापिण्याच्या थांब्याला तो बदलता येतो. त्या वेळी बोटं गारठलेली आणि पाण्याने सुरकुतलेली असतात, पट्टा ओढून बसवणं जमत नाही. म्हणून दुसरा गॉगलही सरावात तासभर घालून पाहिलेला हवा.